किंचेम : ५४ पैकी ५४, आणि बाडेन-बाडेनची ती दुपार

सप्टेंबर १८७८. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनजवळचं इफेत्सहाइम रेसकोर्स. ग्रोसर प्राइस फॉन बाडेन नावाची मोठी रेस नुकतीच संपलीये आणि जजनं निकाल दिलाय, डेड हीट. म्हणजे दोन घोडे एकाच वेळी पोचले. त्यातला एक प्रिन्स जाइल्स द फर्स्ट, आणि दुसरी हंगेरीची चार वर्षांची घोडी किंचेम, जी त्या दिवसापर्यंत एकही रेस हरलेली नाही. तेव्हा फोटो फिनिश वगैरे काही नव्हतं, जजचा डोळा हाच कॅमेरा, तो म्हणाला बरोबरी की बरोबरी. आणि अशा वेळी दोन मालकांपुढे दोन रस्ते असायचे, बक्षीस अर्धं अर्धं वाटून घ्या आणि गप घरी जा, नाहीतर त्याच दिवशी दोन्ही घोडे पुन्हा पळवा.

पुन्हा पळवायचं ठरलं.

मला या घोडीचं प्रकरण मांडायचंय ते याच दुपारसाठी. नाहीतर किंचेमचं नाव जिथे निघतं तिथे आकडा फेकतात, ५४ पैकी ५४, एकदाही हार नाही, जगात असा रेकॉर्ड दुसऱ्या घोड्याचा नाही, आणि विषय संपतो. आकडा खराच आहे. पण तो एवढा गुळगुळीत आहे की त्यामागे माणसं होती, त्यांनी काय केलं, कुठे माती खाल्ली, हे काही दिसतच नाही. ही दुपार ती एकच जागा आहे जिथे सगळं फाटायच्या बेताला आलं होतं, त्यामुळे आतलं दिसतं.

आधी थोडी मागची गोष्ट, नाहीतर कळणार नाही.

किंचेम जन्मली १७ मार्च १८७४ ला, किशबेरच्या सरकारी स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे. बाप कॅम्बस्कन, हा इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हॅम्प्टन कोर्टच्या स्टडमधला, हंगेरीनं विकत आणलेला. आई वॉटरनिम्फ, तीही रेस जिंकलेली. मालक एर्नो ब्लाश्कोविच, तापिओसेंतमार्तोन नावाच्या गावचा जमीनदार. त्या काळात हंगेरीच्या बड्या लोकांना घोड्यांचं जबरदस्त वेड होतं, सेचेनी नावाच्या काउंटनं १८२७ मध्ये पेश्टला, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात, रेस सुरू करून दिल्या तेव्हापासूनचं ते खूळ, आणि १८६७ मध्ये ऑस्ट्रियाशी समझोता झाल्यावर तर त्याला देशाभिमानाची फोडणीही बसली. १८७६ मध्ये किशबेर याच नावाच्या हंगेरियन घोड्यानं थेट एप्समची डर्बी, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात मानाची रेस, मारली. इंग्रजांच्या अंगणात जाऊन! म्हणजे ज्या वर्षी किंचेम पहिल्यांदा पळाली ते वर्ष हंगेरीच्या घोडेवाल्यांसाठी आधीच दिवाळीचं होतं.

नावाचा अर्थ ‘माझा ठेवा’. म्हणजे आपल्याकडे आई पोराला ‘माझं सोनं गं’ म्हणते ना, तेच.

पण दिसायला सोनं नव्हतं. लांबलचक, हडकुळी, रंग गडद तांबडा, अगदी काकवीसारखा, चाल सुस्त. ब्लाश्कोविचनं एका वर्षी आपली शिंगरं विकायला काढली तेव्हा बॅरन ओर्त्सी नावाच्या गिऱ्हाईकानं दोन सोडून बाकी सगळी उचलली, आणि त्या नको असलेल्या दोनांत ही होती. हा किस्सा हंगेरीत पोराटोरांना पाठ आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात तसं. मात्र हे वाचून लगेच ब्लाश्कोविचला द्रष्टा वगैरे करू नका, माणसानं विकायला काढलीच होती, घेणाऱ्यानं घेतली नाही म्हणून ती राहिली. या प्रकरणातलं पहिलं यश निव्वळ नशिबाचं आहे आणि ते तसंच लिहायला हवं.

दुसरं मात्र नशिबाचं नाही. घोडी गेली रॉबर्ट हेस्प या इंग्रज ट्रेनरकडे. त्याची पागा ग्यॉड या गावी, बुडापेस्टच्या उत्तरेला डॅन्यूबच्या काठी. आता या गावाची एक गंमत आहे, हंगेरीची सगळ्यात पहिली रेल्वे १८४६ मध्ये पेश्ट ते वाट्स अशी सुरू झाली ना, ग्यॉड त्याच लाइनीवर. म्हणजे पागेच्या दाराशी आगगाडी. मला वाटतं लोक किंचेमबद्दल बोलताना रक्त, वंश, काळीज असलं सगळं बोलतात पण आगगाडीबद्दल कुणी फार बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मं कोडं तिथेच सुटतं.

कारण बघा, १८७६ चा तिचा पहिला सीझन. वय दोन. दहा रेस. आणि त्या दहा रेस दहा वेगवेगळ्या गावांत: बर्लिन, हॅनोव्हर, हॅम्बर्ग, डोबेरान, फ्रँकफुर्ट, बाडेन-बाडेन, मग शोप्रोन, पेश्ट, व्हिएन्ना, प्राग. नकाशा काढून बोट फिरवा एकदा. दोन वर्षांचं जनावर, म्हणजे अजून शिंगरूच म्हणा, अख्खा उन्हाळा आणि पावसाळी हिवाळ्याची सुरुवात डब्यात उभं राहून काढतंय आणि उतरल्यावर पळून जिंकतंय. बहुतेक घोडे प्रवासात खाणं सोडतात, घाम फुटतो, उतरल्यावर दोन दिवस कामाचे राहत नाहीत. ही मात्र डब्यात आडवी होऊन झोपायची म्हणे, आगगाडी तिला आवडायची. हे खरं असो नसो, निकाल सांगतो की प्रवासानं तिचं काही बिघडत नव्हतं. आणि हेस्पनं हे पहिल्याच वर्षी ओळखलं, की बाकीच्यांना जो तोटा आहे तो आपल्याला नाही. मग तो तिला जिथे रेस तिथे न्यायला लागला.

१८७७ मध्ये १७ रेस. एका सीझनमध्ये सतरा! तीन वर्षांची घोडी. व्हिएन्नाची डर्बी, हॅनोव्हरचा मोठा प्राइस, बाडेनचा मोठा प्राइस (म्हणजे तीच ग्रोसर प्राइस), हंगेरीचं सेंट लेजर, यातलं एकही सोडलं नाही. अंतरांचंही तसंच, आख्ख्या करिअरमध्ये ९४७ मीटरपासून ४२०० मीटरपर्यंत. ज्यांना रेसचं फार कळत नाही त्यांच्यासाठी, हे म्हणजे एकाच माणसानं शंभर मीटरही मारावं आणि मॅरेथॉनही नाही म्हटलं तरी त्याच्या जवळपासचं काहीतरी मारावं तसं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जाणाऱ्या मंडळींना सांगायला नको, तिथे हजार-बाराशे मीटरचा घोडा आणि डर्बीच्या २४०० चा घोडा या दोन वेगळ्या जाती मानतात.

आता तिच्या नखऱ्यांबद्दल, कारण केसचा गाभा तो आहे. यातलं किती खरं आणि किती नंतर चिकटलेलं हे ज्यानं त्यानं ठरवावं, दीडशे वर्षांच्या सांगण्या-ऐकण्यात गोष्टी फुगतात. पण सगळ्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. एक म्हणजे पाणी. ग्यॉडच्या विहिरीचं पाणीच प्यायची, म्हणून प्रवासात पाणी सोबत न्यायचे. एकदा बाडेनला ते संपलं तर तीन दिवस थेंब नाही घेतला, शेवटी तशाच मातकट चवीची एक विहीर सापडली तेव्हा तोंड लावलं. दुसरं म्हणजे मांजर. चॉलोगान्य नावाची एक मांजर तिच्यासोबत राहायची, प्रवासालाही (नावाचा अर्थ नाइटिंगेल, मांजरीला पक्ष्याचं नाव ठेवणारे लोक मला मनापासून आवडतात). इंग्लंडहून परतताना बंदरावर मांजर हरवली तर घोडी जागची हलेना, ती सापडेपर्यंत खिंकाळत राहिली. तिसरं म्हणजे तिची देखभाल करणारा मोतद्दार, फ्रँकी. एका थंड रात्री तो पांघरुणाशिवाय झोपलेला दिसला तर हिनं आपल्या अंगावरची झूल ओढून त्याच्यावर टाकली आणि त्यानंतर परत कधी झूल अंगावर ठेवूनच घेतली नाही. या फ्रँकीला आडनावच नव्हतं म्हणतात, लोक त्याला फ्रँकी किंचेम म्हणायला लागले. आणि चौथं, जिंकल्यावर ब्लाश्कोविचनं येऊन तिच्या लगामात फूल खोचायचं, त्याला उशीर झाला तर बाईसाहेब खोगीर काढू देत नसत.

झुलीचा किस्सा माझ्या गळी उतरत नाही, खरं सांगतो. पाण्याचा पटकन उतरतो, कारण पाण्याची चव बदलली की घोडे खरंच पीत नाहीत, हे कुठल्याही पागेत विचारा.

पण मुद्दा किस्से खरे की खोटे हा नाहीच. मुद्दा असा की हेस्पच्या जागी दुसरा एखादा खमक्या ट्रेनर असता तर म्हणाला असता, नखरे नाही चालायचे, जे पाणी मिळेल ते प्यायचं, मांजर कसली आणताय डब्यात. त्या काळची शिस्त तशीच होती, जनावर मोडून माणसाच्या वेळापत्रकात बसवायचं. इथे उलटं केलं, वेळापत्रक कडक ठेवलं, भयंकर कडक, सतरा सतरा रेस, पण त्या वेळापत्रकाच्या आत घोडीला जे जे लागतं ते सगळं तिच्याबरोबर फिरतं ठेवलं. पाणी तेच, माणूस तोच, मांजर तीच. गाव बदलतंय पण डब्यातलं घर बदलत नाहीये. जॉकीसुद्धा तोच, मायकेल मॅडन, ५४ पैकी ४२ रेसमध्ये तिच्या पाठीवर हाच.

आणि नेमका हाच दुवा बाडेनला तुटला.

१८७८ च्या उन्हाळ्यात हेस्पनं आजवरचा सगळ्यात लांबचा घाट घातला. आधी इंग्लंड. १ ऑगस्टला गुडवूड कप, सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, इंग्लंडच्या दमदार घोड्यांची रेस. मैदानात फक्त तीन घोडे उतरले, किंचेम, पेजंट आणि लेडी गोलाइटली. पेजंट साधा नव्हता, चेस्टर कप दोनदा मारलेला. किंचेमनं दोन लेंथनी, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं, जिंकली. पुढे इंग्रज पेपरवाले काही म्हणोत, समुद्र ओलांडून जाऊन, अनोळखी चढउताराच्या कोर्सवर, त्यांच्याच अंतरावर जिंकणं हे सोपं नाही. तिथून चॅनल ओलांडून फ्रान्स, त्याच महिन्यात दोव्हिलचा ग्रां प्री, तोही जिंकला. आणि तिथून आगगाडीनं सरळ जर्मनी, बाडेन. साधारण पाच आठवड्यांत तीन देश, दोनदा समुद्र, आणि प्रत्येक ठिकाणी लांब पल्ल्याची मोठी रेस.

मग डेड हीट.

का झाली? हंगेरीत पिढ्यान् पिढ्या जे सांगतात ते असं की मॅडन त्या दिवशी प्यायलेला होता. घोडीला मागे ठेवलं, फार मागे ठेवलं, आणि जाग आली तेव्हा प्रिन्स जाइल्स पार पुढे निघून गेलेला. किंचेमची सवयच होती सुरुवातीला रेंगाळायची, स्टार्टला उभी राहून गवत हुंगत बसायची म्हणतात, त्यामुळे तिच्या जॉकीला नेमकं कधी सोडायचं हे कळणं फार महत्त्वाचं. ते चुकलं. शेवटच्या टप्प्यात तिनं जे काही अंतर भरून काढलं ते तिनं स्वतः काढलं, आणि जेमतेम बरोबरी झाली.

मॅडन प्याला होता का नव्हता हे मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि हरता हरता वाचलेल्या रेसनंतर जॉकीच्या माथी दारू मारणं हा जगातला सगळ्यात जुना धंदा आहे, आपल्याकडेही आहे. पण समजा दारू बाजूला ठेवली तरी जॉकीही तोच प्रवास करून आलेला माणूस होता ना. घोडीचं पाणी, घोडीची मांजर, घोडीचा मोतद्दार, सगळ्याची काळजी घेतली आणि पाठीवर बसणाऱ्या माणसाचं काय चाललंय इकडे कुणाचं लक्ष होतं का? हा मला या प्रकरणातला सगळ्यात चुकचुकणारा भाग वाटतो. सिस्टीम घोडीभोवती पक्की बांधली होती आणि ती फाटली माणसाच्या बाजूनं.

आता पुन्हा पळवायचा निर्णय. याचं गणित नीट बघायला हवं, कारण आज आपण ५४ हा आकडा बघतो तो या निर्णयामुळे आहे. बक्षीस वाटून घेतलं असतं तर रेकॉर्डमध्ये एक बरोबरी कायमची बसली असती, न हरलेली घोडी म्हणून नाव राहिलंच असतं, पण ‘सगळ्या जिंकल्या’ असं म्हणता आलं नसतं. आणि पळवून हरली असती तर तेही गेलं असतं. थकलेली घोडी, पाच आठवड्यांचा प्रवास अंगात, नुकतीच जीव तोडून पळालेली, आणि शंका असलेला जॉकी. आजचा कुठलाही शहाणा मालक वाटून घेईल. त्यांनी पळवली, म्हणजे त्यांना वाटत होतं की पहिल्या रेसचा निकाल घोडीचा नव्हताच, माणसाचा होता, आणि घोडीत अजून शिल्लक आहे.

दुसऱ्या वेळेला स्टार्ट झाली आणि म्हणे कुठूनतरी एक भटकं कुत्रं धावत आलं आणि तिच्या पायांशी लागलं. तिनं लाथ घालून त्याला उडवलं, तोवर प्रिन्स जाइल्स पुढे निघून गेला होता. कुत्र्याचं जाऊ द्या, ते कदाचित गोष्ट रंगवायला नंतर आलेलं असेल. निकालाबद्दल मात्र वाद नाही, किंचेम दुसऱ्या खेपेला कित्येक लेंथनी जिंकली, चुरस नावालाही राहिली नाही. हा फरकच सगळं सांगतो. तीच दोन जनावरं, तीच दुपार, एकदा नाकाला नाक आणि एकदा एवढं अंतर. घोडी थकली असती तर दुसऱ्यांदा उलटं व्हायला हवं होतं.

पुढच्या वर्षी, १८७९ मध्ये, तिनं अजून १२ रेस काढल्या, त्यात बाडेनचा तो प्राइस सलग तिसऱ्यांदा. अंगावर वजनही वाढत गेलं, सत्तर किलोच्या वर लादून पळवलं तिला, कारण हँडिकॅप लावणाऱ्यांना, म्हणजे चांगल्या घोड्यावर जादा वजन ठेवून चुरस आणणाऱ्यांना, दुसरा काही उपायच सुचत नव्हता. तरी नाही.

आता विरोधी बाजू, ती न मांडता केस लिहिणं बरोबर नाही. इंग्रज तेव्हाही म्हणायचे आणि आजही काही जण म्हणतात की मध्य युरोपातल्या रेसमध्ये होतंच कोण, वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि काही रेस वॉकओव्हर होत्या, म्हणजे समोर कुणी उभंच राहिलं नाही, एकटीनं चालत जाऊन जिंकल्या, त्याही ५४ मध्ये धरल्यात. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. गुडवूडलाही तीनच घोडे होते. पण मला सांगा, वॉकओव्हर होतो कशामुळे? मालक पैसे भरून नाव घातलेलं असताना घोडा काढून घेतात, कारण समोर ती आहे. तो तिच्या आधीच्या जिंकण्याचाच हिशोब असतो, फक्त आगाऊ चुकता केलेला. दुर्बळ प्रतिस्पर्ध्यांचं म्हणाल तर ते मी अर्धं मान्य करतो. जर्मनीच्या आतल्या गावांतल्या काही रेस आज कुणी मोठ्या मानणार नाही. मात्र ज्या घोड्याला हरायचंच असतं तो दुर्बळांपुढेही हरतो, सर्दी होते, नाल निघतो, चिखल असतो, पोट बिघडतं, जॉकी पितो. चोपन्न वेळा यातलं काहीच निकालाला लागलं नाही, हे प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जानं समजावता येत नाही.

तुलना करायची तर करा. इंग्लंडचा ऑर्मंड १६ पैकी १६, आपल्या काळातला फ्रँकेल १४ पैकी १४, ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅविअर २५ पैकी २५. प्वेर्तो रिकोच्या कामारेरोनं १९५० च्या दशकात सलग ५६ जिंकल्या, म्हणजे सलगच्या हिशोबात तो पुढे आहे, पण नंतर तो हरला. आणि आपल्याकडचे जुने रेसवाले ज्याचं नाव काढलं की खुर्चीत सरसावून बसतात तो स्क्वॉन्डरर, १९ पैकी १८. एकदाच. पण ती एक राहतेच ना, काही केलं तरी.

निवृत्तीनंतर पाच शिंगरं झाली. त्यातली बुदाज्योंज्ये, म्हणजे बुदाचा मोती, हिनं १८८५ ची जर्मन डर्बी मारली. एका शिंगराचं नाव ठेवलं ओयान निंच, अर्थ ‘असं दुसरं नाही’. बिचाऱ्या पोरीनं हे नाव घेऊन पळायचं म्हणजे काय ओझं असेल, सत्तर किलोचं वजन परवडलं.

किंचेम गेली १७ मार्च १८८७ ला, पोटशुळानं, बरोबर तेराव्या वाढदिवशी. ज्या जनावरानं आयुष्यभर पाणी पारखून घेतलं ते पोटानंच गेलं. घोड्यांच्या बाबतीत हे फार नवल नाही, पोटशूळ आजही पागेतला सगळ्यात मोठा वैरी आहे, घोड्याला उलटी करता येत नाही, आत अडकलं की अडकलं. हेस्पही त्याच वर्षी गेला.

बुडापेस्टच्या रेसकोर्सला आज किंचेम पार्क म्हणतात. आणि तिचा सांगाडा शहराच्या शेती म्युझियममध्ये उभा आहे, काचेच्या पलीकडे, कातडं नाही, रंग नाही, नुसती हाडं. लांबलचक आहे. ओर्त्सीनं कोणत्या नजरेनं नाकारली असेल ते हाडं बघूनही थोडंफार कळतं.